सिंहासनाविना सत्ता : पैठणची ब्रह्मसभा

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तेराव्या शतकात यादवांचं सिंहासन देवगिरीला होतं, पण धर्माचा निकाल लागायचा तो गोदाकाठी, पैठणच्या ब्रह्मसभेत. अद्भुत कादंबऱ्यांतल्या पुरोहितशाहीला स्वतःच्या फौजा असतात, तळघरं असतात. पैठणच्या शास्त्र्यांना त्यांची गरजच पडली नाही. त्यांची सत्ता पंगतीत, मुंजीत आणि सोयरिकीत होती. तिच्यापासून पळून जायचं तरी कुठे?

विठ्ठलपंतांचं घर आठवावं. संन्यास घेतलेला माणूस गुरूच्या आज्ञेनं संसारात परतला, चार मुलं झाली आणि आळंदीनं घर वाळीत टाकलं. मुलांची मुंज नाही, म्हणजे वेदाध्ययन नाही, पंगतीला पान नाही, पुढे सोयरीक नाही. शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि आईवडिलांनी ते घेतलं, अशी परंपरा आहे. तरी मुलं सुटली नाहीत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं. रेड्यामुखी वेद वदवल्याची इथली कथा सगळ्यांना पाठ असते. मला त्याहून जास्त छळतं ते पत्र. शके १२०९ चं, म्हणजे १२८७ चं, बोपदेवाच्या नावावर सांगितलं जाणारं शुद्धिपत्र अस्सल की मागाहून रचलेलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण पोरक्या लेकरांना माणसांत यायला दाखला लागतो, हे कथा सांगणाऱ्या कुणालाच अशक्य वाटलं नाही. त्या काळावरचा याहून बोलका पुरावा मला तरी दिसत नाही.

देवगिरीचा दरबार यापासून अलिप्त नव्हता. महादेव आणि रामचंद्र या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख हेमाद्री. व्रतं, दानं, श्राद्धं यांचा अफाट पसारा मांडणारा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ही त्याचाच. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’नुसार पैठणला महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्यावर सभा भरली, तिच्यामागे हेमाद्री होता. मायता हरी आणि प्रज्ञासागर या दोघांनी तिथे विरोध केला, असंही तो ग्रंथ नोंदवतो. भर सभेत विरोध करायला केवढी छाती लागली असेल! तरी चक्रधरांना नाक कापण्याची शिक्षा झालीच.

१२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. शास्त्र्यांच्या संस्कृतात बंद असलेली गीता मराठी श्रोत्यांसमोर उघडी झाली. सहा वर्षांत अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, पुढे यादवांचं राज्यही गेलं. पण शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार राज्याबरोबर बुडाला नाही. पैठणचं भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला जाऊन तिथल्या पंडितांत अग्रगण्य ठरलं. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर आले. तोवर शिवाजी महाराजांनी किल्ले घेतले होते, आरमार उभारलं होतं, औरंगजेबाच्या आग्र्याहून सुटून आले होते. तरीही अभिषेकाआधी त्यांना व्रात्य, म्हणजे वेळेत मुंज न झालेला, ठरवून प्रायश्चित्त घ्यायला लावलं गेलं आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांची मुंज झाली.