चेंडू कोणीं धरावा?

ओहोटी लागली कीं डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि गांवचीं मुलें तेथें फुटबॉल खेळूं लागतात. त्यांचा चेंडू वाटोळा. ठेवावा तेथें तो राहतो. त्याच वाळूवर अमेरिकन फुटबॉलचा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू उभा करून पाहावा. खाऱ्या वाऱ्याची एक झुळूक आली कीं तो आडवा झालाच. अशा चेंडूला लाथ मारून तो आडव्या दांडीवरून, दोन उभ्या खांबांमधून पलीकडे धाडावयाचा, तर दुसऱ्या कोणी तरी तो धरून ठेवणें भाग आहे. हा दुसरा कोण असावा, हा प्रश्न ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर मोठमोठे सामने अडले आहेत.

मुंबई जिमखान्याच्या मैदानावर ज्यांनीं रग्बी पाहिली असेल, त्यांना येथें शंका येईल. रग्बींत लाथ मारणारा स्वतःच चेंडू एका लहानशा बैठकीवर ठेवतो, चार पावलें मागें जातो, श्वास घेतो आणि मग धांवतो. वारा फारच असला तर एखादा सोबती बोट लावतो, इतकेंच. परंतु रग्बींत त्याला सवड असते. अमेरिकन खेळांत ती मुळींच नाहीं. तेथें एक गडी वांकून, आपल्या दोन पायांमधून चेंडू सात-आठ यार्ड मागें फेंकतो, आणि त्याच क्षणीं प्रतिपक्षाचे आडदांड गडी अंगावर धांवून येतात. धंदेवाईक आणि विश्वविद्यालयीन सामन्यांत अशा फटक्यासाठीं बैठक वापरण्याची परवानगीही नाहीं. म्हणून एका गुडघ्यावर बसलेल्या धारकानें तो वेगानें येणारा चेंडू झेलावयाचा, ठरल्या जागीं टेंकवावयाचा, चामड्यावरील दोरीची वीण गोलाकडे फिरवावयाची, आणि वरच्या टोकावर एक बोट ठेवून निश्चल राहावयाचें. वीण पायाखालीं आली तर फटका वांकडा जाण्याची भीति असते. चेंडू निघाल्यापासून लाथ बसेपर्यंत या सर्वांस मिळून सुमारें सव्वा सेकंद मिळतो. फार झालें तर त्याहून किंचित् अधिक.

तलासरीकडील एखाद्या लोहाराच्या भट्टीपाशीं क्षणभर उभें राहिलें, तर या कामाची योग्यता चटकन् ध्यानांत येते. लाल झालेलें लोखंड सांडशींत धरून ऐरणीवर फिरवीत असतो तो मुख्य कारागीर. घण घालणारा त्याचा मदतनीस असतो. धरणाराचा हात चळला कीं घण फुकट गेला आणि विळ्याचें पातें बिघडलें. भट्टीपाशीं मान धरणाराचा. अमेरिकन मैदानावर मात्र तो सगळा मारणाराकडे जातो. 8 नोव्हेंबर 1970 रोजीं न्यू ऑर्लिन्सच्या टॉम डेम्प्सीनें 63 यार्डांवरून गोल करून डेट्रॉइटच्या संघास हरविलें. त्याच्या उजव्या पायाला जन्मतःच बोटें नव्हतीं. त्याचें नांव आजही घेतलें जातें. चेंडू धरणाऱ्या जो स्कार्पातीचें नांव किती जणांस ठाऊक असेल?

पूर्वी हें काम बहुधा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाचा डाव चालविणाऱ्या गड्याच्या, किंवा त्याच्या जागीं राखून ठेवलेल्या गड्याच्या वांट्यास येई. कारण उघड आहे. मागून येणारा चेंडू हातांत घेण्याची त्याला संवय असते. शिवाय कांहीं बिघडलेंच, किंवा प्रतिपक्षाला चकवावयाचें असलें, तर तो तेथूनच चेंडू अचूक फेंकूं शकतो. हा लाभ खरा आहे. परंतु त्याच्या उलट बाजूचें उदाहरणही प्रसिद्ध आहे. 2006 च्या हंगामांत डॅलसचा टोनी रोमो हा प्रथम राखीव क्वार्टरबॅक होता आणि चेंडू धरण्याचें काम त्याच्याकडे होतें. हंगामाच्या मध्यास तो मुख्य झाला, तरी तें जुनें काम त्याच्याकडेच राहिलें. 6 जानेवारी 2007 रोजीं सिअ‍ॅटल येथें डॅलसचा संघ 20 विरुद्ध 21 असा एका गुणानें मागें होता. दीड मिनिटही उरलें नव्हतें आणि गोल होता अवघ्या 19 यार्डांवर. त्या पातळीवरील खेळाडूंस हा हातचा मळ. चेंडू नीट आला, पण रोमोच्या हातून निसटला. तो उचलून घेऊन तो धांवला. गोलरेषा सुमारें दोन यार्ड राहिली असतां त्याला पाडण्यांत आलें. डॅलसचा हंगाम तेथेंच संपला. हातून वस्तु कोणाच्याही निसटते, त्याचा दोष एकट्या रोमोस देणें बरें नव्हे. तथापि संघाचा सारा भार ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्याच हातीं हें नाजूक काम कां ठेवावें, हा प्रश्न राहतोच.

आतां अमेरिकेंतील धंदेवाईक संघांत हें काम बहुतेक ठिकाणीं पंटर करतो. हातांतून सोडलेला चेंडू लाथेनें दूर उडविणारा हा गडी. क्वार्टरबॅक दिवसभर डावांच्या आंखणींत गुंतलेला असतो. पंटर, चेंडू मागें फेंकणारा आणि लाथ मारणारा हे तिघे मात्र सरावाच्या वेळीं तासन् तास एकत्र मोकळे असतात. शिवाय याच फेंकणाराकडून येणारा चेंडू झेलणें हें पंटरचें रोजचेंच काम. 26 सप्टेंबर 2021 रोजीं जस्टिन टकरनें 66 यार्डांवरून गोल करून त्या वेळचा उच्चांक केला, तेव्हां चेंडू धरणारा सॅम कॉक हा पंटरच होता.

आपल्याकडे 2011 सालीं इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया जाहीर झाली. तींत पुणें मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स अशीं नांवें घेतलेले संघ होते. अशा नवख्या संघानें, किंवा डहाणूच्या वाळूवर हा खेळ करून पाहणाऱ्या मुलांनीं, गड्याचा हुद्दा पाहूं नये. पन्नास चेंडू एकामागून एक फेंकावे आणि ज्याच्या हातून एकही सुटत नाहीं त्याला बसवावें. मग तो क्वार्टरबॅक असो कीं बांकावरचा शेवटचा गडी. लाथ मारणारानें मात्र तो बदलूं देऊं नये, कारण चेंडू किती कलता ठेवावा हें दोघांमध्यें शब्दावांचून ठरावें लागतें. उजव्या पायाच्या फटक्यासाठीं धारक चेंडूच्या उजवीकडे बसतो, डाव्यासाठीं डावीकडे. म्हणून डावखोऱ्या पायाचा गडी संघांत आला तर त्याच धारकाला सगळा सराव आरशांतल्याप्रमाणें उलटा, नव्यानें करावा लागतो. आणि पहिला धारक जायबंदी झाला तर कोण बसणार, हें सामन्याच्या आधींच ठरलेलें असावें.