नवीन ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी बाकीचा संगणक तपासा



दहावी-बारावी झाली की मुलं मागे लागतात, "संगणकात ग्राफिक्स कार्ड टाकून द्या." कुणाला ॲनिमेशन शिकायचं असतं, कुणाला व्हिडिओ एडिटिंग, तर कुणाला गेम खेळायचे असतात. आपल्या परभणीकडे हा पैसा बहुधा सोयाबीन-कापसाच्या पट्टीतून येतो. म्हणून तो कुठे घालायचा, हे आधी ठरवू या.

विहिरीवर मोठी मोटार बसवली, पण केबल आणि पाइप जुनेच ठेवले तर काय होतं? केबल तापते आणि पाणीही वाढत नाही. संगणकाचंही तसंच आहे.

१) एसएमपीएस : ही झाली केबल. सगळ्यात आधी हीच बघा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्स तेवढ्यावर चालतात. आरटीएक्स ३०६० ला मात्र १७० वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ऑफिसमधून निघालेल्या सेकंडहँड संगणकात तो बऱ्याचदा २४० वॅटच्या आसपासचा असतो. इथे काटकसर नको. आणि हो, कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का, तेही मोजून घ्या.

२) प्रोसेसर : हा झाला पाइप. गेम सुरू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर सतत १०० टक्क्यांजवळ आणि जुनं कार्ड निम्म्यावरच असेल, तर नवं कार्ड घेऊन फारसा फरक पडणार नाही. उलट असेल तर कार्ड खुशाल घ्या. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आपला त्याहून जुना असेल तर महागडं कार्ड घेण्याऐवजी पूर्ण संगणकासाठीच पैसे साठवलेले बरे.

३) रॅम आणि एसएसडी : आता १६ जीबी रॅम असावी. एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, वेग चांगला मिळतो. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, म्हणून आधी मदरबोर्ड बघा. एसएसडीने गेममधली चित्रं जास्त वेगाने पळत नाहीत, पण संगणक सुरू व्हायला आणि फाइल उघडायला लागणारा वेळ खूप कमी होतो.

४) मॉनिटर : साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. कार्डाने १२० बनवली तरी डोळ्यांना ६०च दिसणार. आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, नव्या कार्डालाच जोडायची!

५) ऊन आणि वीज : आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो. कॅबिनेटमधली धूळ काढा, हवा आत घेणारा एक आणि बाहेर टाकणारा एक असे दोन पंखे ठेवा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, हेही लक्षात असू द्या.

शेवटी शाळेविषयी. दीक्षा ॲप, यूट्यूबचे पाठ, मराठी टायपिंग, स्क्रॅच यांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. लोकवर्गणीतून थोडेच पैसे जमले असतील तर जुन्या संगणकांना एसएसडी आणि रॅम बसवा. एका कार्डाच्या पैशात चार-पाच संगणक पुन्हा नीट चालू लागतील आणि तेवढ्याच जास्त मुलांचे हात कीबोर्डवर पडतील.

दुकानात जाण्याआधी प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि एसएमपीएसचे वॅट एका कागदावर लिहून न्या. मग दुकानदार काय म्हणतो ते त्या कागदाशी ताडून बघा.