निकालामागची शाळा – भाग ६ : गणिताचे सर किती बदलले?

दहावीचा निकाल लागला की पेडणे-डिचोलीतली हायस्कुले टक्केवारीचे फलक लावतात. धारगळच्या हायवेवरून जातानाही असे अभिनंदनाचे फलक दिसतात. मुले आठवीत असताना गणिताला जे सर होते तेच दहावीपर्यंत राहिले का, हे मात्र त्यावर कोणी लिहीत नाही.

गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये ९६.६४ टक्के, २०२४ मध्ये ९२.३८ आणि २०२५ मध्ये ९५.३५ टक्के लागला. म्हणजे चार टक्के खाली, मग तीन टक्के वर. एवढ्यात गोव्यातले मास्तर बिघडले नि सुधारले असे कोणी म्हणणार नाही. तेहेतीस गुण मिळालेला आणि नव्वद मिळालेला, दोघेही या आकड्यात सारखेच. शिक्षकांची ये-जा त्यात दिसणार कुठून?

ती दिसते नववीच्या वहीत. समजा, गणिताचे सर दिवाळीच्या सुट्टीत गेले. तोवर दोन चलांतील रेषीय समीकरणे निम्मी झालेली. नव्या बाई येईपर्यंत तो तास कधी पीटीला, कधी मराठीला. आल्या आल्या बाईंना पोर्शन गाठायचा असतो. शेवटच्या बाकावरच्या पोराला साधे अपूर्णांकही जमत नाहीत आणि तो शेजाऱ्याचे उतरवतो, हे जुन्या सरांना ठाऊक होते. बाईंना ते कळेपर्यंत वर्ष सरते. दहावीत त्याच समीकरणांच्या जोड्या पुढ्यात येतात. पोरगा ट्यूशन लावतो, काठावर पास होतो आणि शाळेची टक्केवारी शाबूत राहते. अकरावीला विज्ञान घ्यायचा विचार मात्र तो सोडून देतो.

तेरेखोल नदीपलीकडे सिंधुदुर्गात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतून शेकडो शिक्षक एकदम गेले. त्याच जुलैत महाराष्ट्र शासनाने निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर घेण्याचा आदेश काढला. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, सिंधुदुर्ग ज्यात येतो त्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल लागला ९९.०१ टक्के, राज्यात पहिला! यात विसंगती काही नाही. बदल्या झाल्या प्राथमिक शाळांत. तेव्हा तिसरीत असलेले मूल दहावीला बसेल २०३१ मध्ये. तोवर त्या बदल्या कोणाच्या लक्षात राहणार?

रॉनफेल्ट, लोब आणि वायकॉफ या अमेरिकी संशोधकांनी न्यूयॉर्कच्या चौथी-पाचवीच्या मुलांचे आठ वर्षांचे गुण तपासून २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या इयत्तेत शिक्षक जास्त बदलले तिथे भाषा आणि गणिताचे गुण घसरले होते. ज्या मुलांचे स्वतःचे शिक्षक टिकून होते, त्यांचेही. आधीच मागे असलेली मुले जिथे जास्त, त्या शाळांना फटकाही जास्त.

आपल्या गोव्यात मुक्तीनंतर मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आलेले मास्तर गावातच बिऱ्हाड करीत. आता फोंड्याची बाई पेडण्याला रोज येऊन-जाऊन करते आणि घराजवळ बदली मिळावी म्हणून अर्ज घालते. तिचे काय चुकले? त्यात सरकारी हायस्कुलांतले ‘लेक्चर बेसिस’वाले. त्यांना पैसे तासावर, आणि वर्ष संपले की करारही संपला. कंत्राटी शिक्षक मुळात कमी प्रतीचा, हा समज मला मान्य नाही. आंध्रच्या ग्रामीण प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी प्रयोग केला, तेव्हा जादा कंत्राटी शिक्षक मिळालेल्या शाळांतली मुले पुढे गेली, आणि हे शिक्षक कायम शिक्षकांपेक्षा गैरहजरही कमी राहिले. माझे भांडण आहे ते दरवर्षी माणूस बदलण्याशी.

म्हणून पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत टक्केवारीवर टाळ्या वाजवून झाल्या की एवढे विचारा : आठवी ते दहावी गणित, विज्ञान आणि इंग्रजीला किती शिक्षक बदलले, आणि बदलले तेव्हा किती तास रिकामे गेले? उत्तर लेखी मागा.