दोन मिलिमीटरचा हिशोब

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे मिळून २०११च्या जनगणनेत ५८ लाख १५ हजार माणसं होती. त्यांतल्या १४ लाखांच्या आसपास लोकांच्या पोटात यकृताकडे जाणारी धमनी पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे जात नसणार. त्यांना याचा पत्ता नाही, आणि कुणाला यकृत द्यायची वेळ आली नाही तर बहुतेकांना तो कधी लागणारही नाही.

लॉस एंजेलिसच्या सर्जनांनी १९९४ मध्ये १,००० दात्यांच्या यकृतांची नोंद प्रसिद्ध केली. ७५७ जणांत रचना नेहमीची. १०६ जणांत उजवी धमनी, पूर्ण किंवा जोडीची, आतड्याच्या मोठ्या धमनीतून फुटलेली. ९७ जणांत डावी जठराच्या धमनीतून. २३ जणांत दोन्ही. दोघांत तर मूळ धमनीच थेट महाधमनीतून निघालेली. हजारात दोन म्हणजे किरकोळ, पण आपल्या दोन जिल्ह्यांना लावलं तर साडेअकरा हजार माणसं होतात. (प्रमाण तिकडचं, लोकसंख्या इकडची, तेव्हा हा अंदाजच.) चौघांत एकाकडे असतं त्याला ‘विचित्र’ म्हणणं मला पटत नाही.

यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं, म्हणजे दिवसाला २,१६० लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी, ‘जलदूत’, आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. तेवढं रक्त एका माणसाच्या यकृतातून साडेसात महिन्यांत फिरून जातं. यातला पाऊण पुरवठा पोर्टल शिरेचा. धमनीच्या वाट्याला दिवसाचे पाचशे-साडेपाचशे लिटर, पण ऑक्सिजनचा जवळपास निम्मा भार तिच्यावर आणि पित्तनलिका तर तिच्याच जिवावर. प्रत्यारोपणानंतर ती गुठळीने बंद पडली की पित्तनलिका सडू लागतात आणि पुष्कळदा दुसरं यकृत शोधायची पाळी येते. प्रौढांत शंभरात तिघांवर, लहान मुलांत आठेकांवर हा प्रसंग येतो.

लातूरकरांना यकृताच्या प्रत्यारोपणाची निकड कळली ती ऑगस्ट २०१२ मध्ये. लातूरचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख चेन्नईच्या ग्लोबल रुग्णालयात यकृताच्या प्रतीक्षेत होते. प्रत्यारोपण होण्याआधीच १४ ऑगस्टला ते गेले. मेंदूमृत दात्याची वाट पाहणं किती बेभरवशाचं, हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं. भारतात २०२३ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास यकृतं बसवली गेली, त्यांतली बहुतेक जिवंत नातेवाइकांनी दिलेली.

आणि खरी अडचण इथेच आहे. मेंदूमृत दात्याचं यकृत घेताना धमनी मुळापर्यंत, महाधमनीच्या तुकड्यासकट घेता येते. जिवंत दात्याला मात्र घरी जायचं असतं. त्याचा उजवा भाग काढला, म्हणजे यकृताचा साठेक टक्के, तरी उरलेल्या भागाची धमनी शाबूत राहायला हवी. सर्जनच्या हाती येतं ते दोन-तीन मिलिमीटर व्यासाचं आखूड टोक. दोन मिलिमीटरचा परीघ सव्वासहा मिलिमीटर. त्यावर दहा टाके घातले तर दोन टाक्यांत जेमतेम ०.६ मिलिमीटर. धागा केसाहून बारीक. क्योतोच्या सर्जनांनी १९९०च्या दशकात यासाठी सूक्ष्मदर्शक वापरायला सुरुवात केली, ती उगाच नव्हे. नळीचा व्यास निम्मा झाला की त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, त्यामुळे एक टाका जास्त ओढला गेला तरी महागात पडतं.

दात्याच्या उजव्या भागाला दोन धमन्या निघाल्या तर? आधी मोठी जोडतात आणि दुसरीच्या कापलेल्या तोंडातून रक्त उलटं, ठोक्याबरोबर उसळून येतं का ते पाहतात. आलं तर आतून जोड आहे, दुसरी बांधून टाकली तरी सहसा चालतं. नाही आलं तर तीही जोडायची. रुग्णाची स्वतःची धमनी खराब असेल तर जठराच्या कडेची धमनी वळवून आणतात.

वेगळी रचना दरवेळी वाईट नसते. उजवी धमनी आतड्याच्या धमनीतून आली असेल तर ती लांब आणि जाड मिळते. उजवा भाग देणाऱ्याच्या बाबतीत सर्जनला ती हवीहवीशीच. धोका असतो तो दात्याकडेच राहणाऱ्या चौथ्या खंडाची धमनी उजवीतून फुटलेली असते तेव्हा. ती फांदी वाचवून पुढेच कापावं लागतं, नाहीतर दात्याकडे उरलेल्या भागाचाच तुकडा उपाशी.

हे सगळं सीटी अँजिओग्राफीत आधीच दिसतं. घरातले चौघे द्यायला तयार झाले, तर निव्वळ गणिताने चौघांचीही धमनी नेहमीसारखी निघण्याची शक्यता शंभरात तेहतीसच.