पाण्याला रंग असतो का?

मागच्या व्याख्यानात आपण 'दिसणं' आणि 'असणं' यांतल्या फरकाबद्दल बोललो. काही जणांनी कळवलं की विषय फार हवेत राहिला. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आपण जमिनीवर, खरं तर पाण्यात उतरू. प्रश्न अगदी साधा घेऊ: पाण्याला स्वतःचा रंग असतो का?

शाळेत आपण पाठ केलेलं उत्तर आहे, 'पाणी रंगहीन असतं.' आपल्या दर्शनांचं उत्तर मात्र वेगळं आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला पाण्याच्या वाट्याला आलेला रंग आहे 'अभास्वर शुक्ल', म्हणजे न झळाळणारा पांढरा. यावर कोणीही शंका काढेल, की मग यमुनेचं पाणी निळं का दिसतं? ही शंका विश्वनाथ पंचाननांनी सतराव्या शतकात 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त घेतली आहे. त्यांचं उत्तर असं, की ती निळाई पाण्याची नव्हे, पाणी ज्याच्या आश्रयाने आहे त्याची आहे. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, तसाच हा प्रकार. याला म्हणायचं उपाधी. आणि पुरावा? तेच पाणी वर आकाशात उडवा, पांढरं दिसतं!

हा युक्तिवाद आम्ही वर्गात अनेक वर्षं मोठ्या हौसेने शिकवला. एकदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पण उडवलं किती पाणी? ओंजळभर पाण्यात रंग दिसला नाही, म्हणजे तो नाहीच असं कसं म्हणता येईल?" आम्ही तिला सांगितलं की हा भौतिकशास्त्राचा तास नाही, आणि खाली बसवलं. वर्ग हसला. आज कबूल करतो, की त्या दिवशी तर्कशास्त्र तिला कळलं होतं आणि आम्हाला नव्हतं. आजचं व्याख्यान हे तिला दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

आता १९२१ सालाकडे येऊ. चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा ३२ वर्षांचे होते आणि कलकत्त्याला प्राध्यापक होते. इंग्लंडहून 'नारकुंडा' नावाच्या बोटीने परत येताना भूमध्य समुद्राची निळाई त्यांच्या नजरेत भरली. त्या काळी लॉर्ड रॅले या थोर शास्त्रज्ञाचं मत प्रमाण मानलं जाई. ते मत असं, की खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे फक्त आकाशाचं प्रतिबिंब. गंमत पाहा. मुक्तावली म्हणते, पाण्याने रंग खालून उसना घेतला. रॅले म्हणतात, वरून उसना घेतला. पाण्याचा स्वतःचा निळा रंग कोणालाच मान्य नाही.

रामन यांनी काय केलं? त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, खिशात मावेल एवढा. पाण्याच्या पृष्ठावरून एका विशिष्ट कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात. तो कोन लंबापासून साधारण ५३ अंशांचा. त्या कोनातून बघत प्रिझम फिरवला की प्रतिबिंब पुसलं जातं. रॅले बरोबर असते, तर प्रतिबिंबाबरोबर निळाईही जायला हवी होती. झालं उलटंच, समुद्र आणखी निळा दिसू लागला. म्हणजे तो रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी 'नेचर' या नियतकालिकासाठी यावर पत्र लिहिलं. प्रकाशाच्या विकिरणाच्या याच वाटेवरून पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा 'रामन परिणाम' सापडला आणि १९३० सालचं नोबेल आलं.

पण इथे थांबायचं नाही. रामन यांनी मुख्य भर दिला तो विकिरणावर, म्हणजे पाण्याचे रेणू प्रकाश सगळीकडे उधळतात यावर. ते होतंच, आणि त्यामुळेच आत गेलेला काही प्रकाश वर परत येतो. मात्र रंग ठरवण्यात मोठा वाटा शोषणाचा आहे. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. त्यांच्यातले बंध तारेसारखे सतत कंप पावतात. तार छेडली की मूळ सुराबरोबर वरचे सूरही मंदपणे उमटतात ना, तसंच इथे आहे. या कंपनांचे मूळ सूर अवरक्त प्रकाशात आहेत, पण त्यांचे वरचे, फार क्षीण सूर दृश्य प्रकाशाच्या लाल टोकापर्यंत पोचतात. म्हणून पाणी लाल प्रकाश थोडा थोडा गिळतं. लाल गेला की उरतो तो निळसर.

हे 'थोडा थोडा' महत्त्वाचं. पेलाभर पाण्यात इतका कमी लाल प्रकाश गिळला जातो, की डोळ्याला पत्ता लागत नाही. पण एक मीटर शुद्ध पाण्यातून जाताना अगदी गडद लाल प्रकाशाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग नाहीसा होतो. १९९३ साली ब्राउन आणि स्मिर्नोव या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तीन मीटर लांबीची नळी शुद्ध पाण्याने भरून आरपार पाहिलं. तिथे ना आकाश, ना तळ, तरी पाणी निळं! मग जड पाणी घेतलं. त्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ, ड्युटेरियम असतो. जड अणू संथ हलतात, सूर खाली उतरतात आणि लाल प्रकाश गिळला जात नाही. ते पाणी रंगहीन निघालं. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

तेव्हा ओंजळभर पाण्याचं उत्तर मिळालं. रंग होता, फक्त आपली ओंजळ लहान होती.

पण मुक्तावलीकारांचं निरीक्षण खोटं नव्हतं. उडवलेलं पाणी पांढरं दिसतंच. का? याचं उत्तर बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर आहे. लादी काचेसारखी पारदर्शक असते. गोळेवाला ती किसतो आणि पांढराशुभ्र चुरा पडतो. त्याने पांढरं काही मिसळलं का? नाही. त्याने फक्त पृष्ठं वाढवली. प्रत्येक कणाच्या पृष्ठावर प्रकाश थोडा परततो, थोडा वळतो. असं असंख्य वेळा झालं की सगळे रंग सारखेच उधळले जाऊन बाहेर येतात, आणि सगळे रंग मिळून पांढरा. खडीसाखर आणि पिठीसाखर, काच आणि काचेचा चुरा, लाट आणि तिचा फेस, सगळीकडे हाच न्याय. हिमही तसंच. ताजं हिम त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत पाठवतं.

म्हणजे हिमाचा पांढरेपणा हा पदार्थाचा नाही, रचनेचा आहे. तीच रचना मोडली की आतली निळाई वर येते. हिमनदीत वर्षानुवर्षं हिमाचे थर दाबले जातात, हवेचे बुडबुडे पिळून निघतात आणि प्रकाशाला आत लांबवर जायला वाट मिळते. मग बर्फही पाण्यासारखाच लाल प्रकाश गिळतो. हिमनदीच्या भेगांमध्ये दिसते ती गर्द निळाई यातूनच येते.

उपाधीने आलेले रंगही असतातच. मुंबईचा समुद्र मातकट दिसतो तो गाळामुळे. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं आढळलं. ध्रुवप्रदेशात आणि उंच पर्वतांवर हिम कधी कधी लाल होतं ते सूक्ष्म शैवालामुळे. जॉन रॉसच्या मोहिमेने १८१८ साली ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर असे लाल कडे पाहिले होते. ही केवळ शोभा नाही, बरं का. लाल झालेलं हिम जास्त ऊन पितं आणि लवकर वितळतं. रंग बदलला की हिमाचं आयुष्य बदलतं.

मग पाणी निळं, की रंगहीन, की पांढरं? पेल्यात ते रंगहीन दिसतं, फेसात पांढरं आणि खोलात निळं. तिन्ही वेळा डोळ्यांनी आपल्याला फसवलेलं नाही. फसतो ते आपण, 'दिसलं नाही, म्हणजे नाही' अशी उडी मारतो तेव्हा. मुक्तावलीकारांनी पाणी वर उडवून पाहायला सांगितलं, हे आम्हाला आजही मोठं वाटतं. शब्दप्रामाण्याच्या काळात त्यांनी प्रत्यक्षाला साक्षीला बोलावलं. त्या परंपरेचा मान राखायचा, तर त्यांचं उत्तर पाठ करून भागणार नाही. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न ऐकून घ्यावा लागेल.

ती विद्यार्थिनी आता कुठे असते, आम्हाला माहीत नाही. पण हे ऐकत असेल, तर तिने उभं राहावं. आज खाली बसायची पाळी आमची आहे.