उमापूर ते बिश्केक, व्हाया सातबारा

परदेशातल्या एमबीबीएसच्या धंद्यात नवीन पोराला पहिला धडा मिळतो तो हा: पालकांसमोर 'किर्गिझस्तान' म्हणायचं नाही, 'रशिया साईडला' म्हणायचं. मी या धंद्यात फाईली सांभाळतो, अधूनमधून बॅच सोडायला जातो. बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका माझ्याकडे. उमापूरकडे कुणाच्या ओसरीवर बसलं की आमच्या ऑफिसच्या मालकाचा हा सल्ला पटतो. किर्गिझस्तान म्हटलं की बाप चुळबुळतो. रशिया म्हटलं की म्हातारे पुढे सरकून बसतात.

त्याला कारण आहे. हा जिल्हा एके काळी लाल बावट्यालाही मतं देऊन गेलेला. १९६७ ला साताऱ्याकडून आलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना बीडने कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं. १९७७ ला माकपचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. 'सोविएत देश' या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं पोरांच्या वह्या-पुस्तकांना चढायची. अंक किती जणांनी वाचले ते विचारू नका, कव्हर मात्र वर्षभर टिकायचं.

उमापूरजवळच्या एका वस्तीवर नातवाची कागदपत्रं घ्यायला गेलो होतो. आजोबा जुने कॉम्रेड, नाना पाटलांच्या प्रचारात सायकल मारलेले. त्यांनी पहिला प्रश्न फीचा नाही विचारला. "मॉस्कोतल्या त्या विद्यापीठाला लुमुंबाचं नाव हाय का अजून?" म्हटलं, आजोबा, १९९२ ला काढलं होतं, २०२३ ला परत दिलं. म्हातारा खुदकन हसला. मग सातबाऱ्याच्या झेरॉक्सकडे बोट करून म्हणाला, "आमच्या टायमाला रशियाला शिकाया जायचं तर पक्षाची, इस्कसची वळख लागायची. आता तलाठ्याची लागती." इस्कस म्हणजे भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संस्था. तेव्हा शिष्यवृत्तीवर गेलेल्याला फी नव्हती, वर खर्चाला पैसे मिळायचे आणि पहिलं वर्ष रशियन शिकण्यात जायचं. नातवाच्या वेळी कालव्याखालच्या जमिनीवर बँकेचा बोजा चढला. बोलणी झाली तेव्हा आजोबा उठून गोठ्याकडे गेले, सही बापाने केली.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला आणि मॉस्कोहून येणारा पैसा आटला. किर्गिझस्तानच्या राजधानीचं, फ्रुंझेचं, त्याच वर्षाच्या सुरुवातीला बिश्केक झालं होतं, १९९३ च्या मे महिन्यात रुबल जाऊन सोम आला. विद्यापीठं होती, प्राध्यापक होते, पगाराची बोंब होती. मग डॉलर भरणारा परदेशी विद्यार्थी हाच आधार झाला आणि इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले. इकडे व्यवस्थापन कोट्यात दोन वर्षांत जाणाऱ्या पैशात तिकडे अख्खी डिग्री होते. आमचा धंदा या दोन अडचणींच्या बेचक्यात उभा आहे. माहितीपत्रकात आम्ही अर्थातच 'जागतिक दर्जा' छापतो.

बिश्केकला पोरांसाठी फ्लॅट बघायला गेलो, तर मालकीण सत्तरीची, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. सोव्हिएत काळातलं सरकारी घर खासगीकरणात तिच्या नावावर झालेलं. पेन्शनवर भागत नाही म्हणून ती लेकीकडे राहते आणि घर भाड्याने देते. उमापूरच्या पोराने डॉलर पुढे केले, तर बाईने एकेक नोट खिडकीच्या उजेडात धरली. घडी मोडलेली एक, शाईचा ठिपका असलेली एक, अशा दोन परत केल्या. पोरगं घाबरलं, त्याला वाटलं खोट्या निघाल्या. खोट्या नव्हत्या. जुनी, डागाळलेली डॉलरची नोट तिकडे घ्यायला लोक का-कू करतात. तेव्हापासून निघताना मी बापांना बजावतो, नोटा वहीत सपाट ठेवा, कनवटीला लावू नका.

ओव्हरकोट घ्यायला पोरांना दोर्दोईच्या बाजारात नेतो. मैलभर नुसते जहाजावरचे लोखंडी कंटेनर, एकावर एक दोन. खालच्यात दुकान, वरच्यात माल. नव्वदीत कारखाने बसले तेव्हा शिक्षिका, इंजिनियर बायका असल्या बाजारांत चिनी माल विकायला उभ्या राहिल्या. आमच्या पोरांना घासाघीस शिकवावी लागत नाही, आठवडी बाजारात वाढलेली असतात.

एका बापाने मला विचारलं, तिकडे शेती कशी? तो धनगर, म्हणून मेंढरांचंच सांगितलं. सामुदायिक शेतं मोडली, जनावरं वाटली गेली. १९९० च्या आसपास कोटीच्या घरात असलेली मेंढरं पाच-सहा वर्षांत चाळीस लाखांच्या आत आली. लोकांनी विकली, कापून खाल्ली, पीठ-साखरेच्या बदल्यात दिली. बाप गंभीरपणे म्हणाला, "वाटण्या झाल्या की आमच्यातबी असंच होतंय." आणि आगाऊ रक्कम मोजायला लागला.

१७ मे २०२४ च्या रात्रीची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. दूतावासाने पोरांना घरातच राहायला सांगितलं. पहाटेपर्यंत माझा फोन तापलेला. उमापूरची एक आई रडत नव्हती, ओरडत नव्हती, दर अर्ध्या तासाने फोन करून एवढंच विचारायची, "सर, दार आतून लावलंय ना त्यानं?" सकाळी ऑफिसला गेलो तर मालक जाहिरातीचा मजकूर बदलत होते. बिश्केक खोडून ताश्कंद. माझ्याकडे न बघता म्हणाले, दोन महिन्यांत सगळे विसरतील. विसरले, हेही खरं.

बोर्डावर फोटो लागतात ते परत येऊन परीक्षा पास झालेल्यांचे. परदेशी डिग्रीवाल्याला इथे प्रॅक्टिसआधी एफएमजीई द्यावी लागते, तीनशे मार्कांची, पास व्हायला दीडशे. बऱ्याचदा निकाल तिसऱ्या हिश्श्याच्याही आतच असतो. राहिलेले कुठे जातात? काही पुन्हा पुन्हा बसतात, काही दवाखान्यात कुणाच्या हाताखाली राबतात. आमच्या ऑफिसात समुपदेशकाच्या खुर्चीवर बसतो तो तसाच एक, चार वेळा आपटलेला. काम फार चोख करतो. तिकडचा बर्फ, मेस, रशियन बोलणारे पेशंट, सगळं पाहून आलेला. उमापूरकडचे पालक त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणतात आणि माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवतात. निकालाचं कुणी विचारलं तर तो तेवढा प्रश्न माझ्याकडे पाठवतो.