एकवीस दिवस आत, एकवीस दिवस बाहेर
(शेतीपूरक जोडधंदा : अंडी उबवणे आणि पिल्लांची जोपासना)



"उसाचं बिल हप्त्यानं येतं, अंडं रोज येतं." आमच्या घरच्या म्हातारीचे हे बोलणे. आपला बीड जिल्हा अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ जुन्या मंडळींनी अंगावर काढला. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची साले तरुणांनीही पाहिली. पाणी आटले की ऊस आटतो, आणि ऊस आटला की घरातला पैसा आटतो. अशा साली तेल-मीठ, वही-पेन्सिल कशावर भागले, हे घरातल्या बाईमाणसाला विचारावे. शेळीवर नाही तर कोंबडीवर, हेच उत्तर मिळेल. धारूर, पाटोदा, शिरूर, वडवणीकडची कुटुंबे तोडणीला निघतात, तेव्हा गाडीत भांड्याकुंड्यांबरोबर चार कोंबड्याही चढतात. उगाच चढत नाहीत.

तरीही कोंबड्या पाळणाऱ्या घरांत एक तक्रार ठरलेली असते. "पिलं निघतात चांगली, पण जगत न्हाईत." कोणी घारीला बोल लावतो, कोणी मुंगसाला, कोणी नजर लागली म्हणतो. आम्हीही पूर्वी असेच म्हणत होतो.

आमच्या घरचा धडा

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही एक दिवसाची शंभर पिल्ले आणली. खोली सारवली, कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा केला, वर बल्ब टांगला आणि जेवून झोपलो. रात्री कधी तरी लाइट गेली. पहाटे दार उघडले तर सगळी पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढलेली. वरची जिवंत, खालची गुदमरून गेलेली. मोजली, एकेचाळीस भरली. त्याच अंगणात आमची गावरान कोंबडी अकरा पिल्ले पंखाखाली घेऊन बसली होती. उन्हे वर आल्यावर अकराच्या अकरा चिवचिवत बाहेर आली. मेलेली पिल्ले पाटीत भरताना म्हातारी एवढेच म्हणाली, "हिला लाइट लागत न्हाई बाबा."

दोष आमचाच होता. लाइट जाते हे काय आम्हाला नवीन होते? कंदील तयार नव्हता, आडोशाला कोपरे ठेवले होते, आणि रात्री कोणी उठून पाहिले नाही. त्या दिवसापासून आम्ही एक हिशेब मनाशी पक्का केला. पिल्लू अंड्याच्या आत एकवीस दिवस असते, आणि बाहेर आल्यावरही आणखी एकवीस दिवस ते अर्धे अंड्यातच असते. अंगावर पिसे धरेपर्यंत त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. आतल्या एकवीस दिवसांची आपण काळजी करतो, बाहेरच्या विसरतो. नुकसान होते ते तिथे.

अंडे कोणते घ्यावे

उबवायचे अंडे बीजाचे हवे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा, निरोगी कोंबडा असावा. अंडे मध्यम आकाराचे, स्वच्छ, तडा नसलेले निवडावे. मळलेले अंडे धुऊन बसवू नये. कवचावरचे संरक्षक आवरण धुऊन जाते आणि रोगजंतू आत शिरतात. फ्रिजमधले अंडेही घेऊ नये.

अंडे सात दिवसांपेक्षा जुने नको. उन्हाळ्यात तर तीन दिवसांवर जाऊ नये. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अंडे घातले की आतला गर्भ झोपी जातो. हवा २०-२१ अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो हळूहळू चाळवतो. धड झोप नाही आणि धड वाढ नाही, अशा अवस्थेत तो दुबळा होऊन मरतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात काय उकाडा असतो हे सांगायला नको. म्हणून उन्हाळ्यात बसवलेली अंडी निम्मीशिम्मी वाया जातात आणि आपण कोंबडीला नावे ठेवतो. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ बसवणीला चांगला. साठवायची अंडी माठाशेजारी थंड जागी, रुंद टोक वर करून ठेवावीत. त्यांना ओल लागू देऊ नये.

खुडूक कोंबडी, पहिले यंत्र

दहा-बारा अंड्यांसाठी गावरान खुडूक कोंबडीसारखे यंत्र नाही. पाटीत खाली राख, वर वाळू व काड-कुटार घालून खळगा करावा. अंधारी, हवेशीर, कुत्र्या-मांजरापासून सुरक्षित जागा पाहावी. बसवण्याआधी कोंबडीच्या पिसांत उवा, गोचिड आहेत का ते पाहावे. अंग खाजत असेल तर ती अंड्यावर टिकत नाही. रात्रीच्या वेळी बसवली की ती लवकर रमते. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवावीत आणि कोळशाने खूण करावी. मागून दुसरी कोंबडी तिथे अंडे घालून गेली तर ते ओळखून काढता येते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे कोंबडी उठली पाहिजे. दाणा, पाणी आणि धुळीत लोळणे झाले की ती आपण होऊन परत बसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जातींत खुडूक बसण्याची सवय बहुतेक मोडलेली असते. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावीत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराजा या परसातल्या कोंबडीपालनासाठी काढलेल्या चांगल्या जाती आहेत; पण त्या संकरातून तयार झालेल्या. त्यांचीच अंडी पुन्हा उबवली तर पुढच्या पिढीत ते गुण तसेच उतरत नाहीत. अशी पिल्ले दर वेळी मूळ ठिकाणाहूनच आणावी लागतात.

यंत्रात उबवायची तर

माणसाने कोंबडीवाचून अंडी उबवणे ही काही आजची विद्या नाही. इजिप्त देशात फार प्राचीन काळापासून मातीच्या भट्ट्यांत शेण व काडाच्या धगीवर हजारोंनी अंडी उबवत. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून ऊब जोखत. आपण मात्र थर्मामीटरवरच भिस्त ठेवावी.

पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट उष्णता राखावी. पंखा नसलेल्या साध्या पेटीत अंड्यांच्या माथ्याशी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट हवी. पहिले अठरा दिवस हवेत ओलावा ५५ ते ६० टक्के असावा. अंडी दिवसातून निदान तीन ते पाच वेळा फिरवावीत, नाही तर गर्भ कवचाला चिकटतो. लाइट गेली तर पेटी उघडून पाहू नये. वरून गोणपाट टाकावे. थोडा वेळ ऊब कमी झाली तर गर्भ बहुधा तग धरतो, पण जास्त उष्णता त्याला लवकर मारते. पेटी उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये ती याचसाठी.

सातव्या रात्री अंडी उजेडावर तपासावीत. पुठ्ठ्याला भोक पाडून मागे बॅटरी धरली की झाले. बीजाच्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. स्वच्छ दिसले तर वांझ. नुसतेच रक्ताचे कडे दिसले तर गर्भ मेला. अशी अंडी काढून टाकावीत, नाही तर आत सडून फुटतात.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणे बंद करावे आणि ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावा. आपल्याकडची हवा कोरडी. ओलावा कमी पडला की आतला पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो आणि ते चोच मारूनही बाहेर येऊ शकत नाही. पसरट ताटलीत पाणी ठेवावे. कोंबडीखाली अंडी असतील तर पाटीखालची वाळू थोडी दमट ठेवावी. कवच फोडून पिल्लाला मदत करण्याचा मोह मात्र आवरावा. शिरांतले रक्त आणि पोटातला बलक अजून पुरता शोषला गेलेला नसतो. घाईने ओढलेले पिल्लू बेंबीतून रक्त जाऊन दगावते.

बाहेरचे एकवीस दिवस

पिल्लू वाळून कापसासारखे फुलले की मगच हलवावे. निघताना ते पोटात बलकाची शिदोरी घेऊन येते. दोन दिवस त्यावर तग धरता येतो, म्हणूनच एक दिवसाची पिल्ले लांबून आणता येतात. पण घरी आल्याबरोबर पाणी, आणि मागोमाग दाणा द्यावा. प्रवासाने दमलेल्या पिल्लांना पहिल्या पाण्यात, लिटरला ५० ते ८० ग्रॅम, साखर किंवा गूळ विरघळवून द्यावा. कारखान्याच्या साखरेचा याहून चांगला उपयोग कोणता!

पिल्ले येण्याआधी खोली तयार असावी, आधी कित्येक तास दिवा लावून तापलेली असावी. आडोसा गोल करावा. कोपरा ठेवलाच तर तिथे पिल्ले चढतात आणि मरतात, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट (३५ सेल्सिअस) ऊब हवी. दुसऱ्या आठवड्यात ९०, तिसऱ्यात ८५, अशी उतरवत न्यावी.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लेच थर्मामीटर. दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, चोची उघडून धापा टाकत असली तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. आणि सगळीकडे विखरून, कोणी खाते, कोणी निजते असे दिसले तर तुम्हीही निजा. पण रात्री एकदा उठून पाहा. हिवाळ्यात लाइट जाणार हे धरून कंदील किंवा झाकलेली निखाऱ्याची शेगडी तयार असावी. मात्र धूर कोंडू नये, हवा खेळती असावी, आणि ठिणगीची काळजी घ्यावी.

खाली दोन-तीन इंच गादी घालावी. भाताचे तूस, लाकडाचा भुसा चालतो. आपल्याकडे बगॅस सहज मिळते, पण ती खडखडीत वाळलेली हवी. दमट बगॅसला बुरशी धरते. ती पिल्लांच्या छातीत जाते आणि ती धापा टाकून मरतात. गादीचे ढेकूळ होऊ देऊ नये, ओला भाग रोज काढावा. ओल्या गादीतच रक्ती हगवण वाढते. पहिले दोन-तीन दिवस गादीवर कागद अंथरून त्यावर दाणा टाकावा, म्हणजे पिल्ले भुसा खात नाहीत. पाण्याचे भांडे उथळ असावे, नाही तर बुडतात.

दाण्यात पिल्लांचे तयार खाद्य उत्तम. घरचाच करायचा तर नुसता ज्वारी-मक्याचा भरडा पुरत नाही. पिल्लाला प्रथिने लागतात, म्हणून शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड आणि सुकटीची जोड द्यावी. बुरशी धरलेली पेंड किंवा मका देऊ नये. बैलाला चालते म्हणून सरकीची पेंडही पिल्लांना घालू नये.

मानमोडी आणि सहकार

मानमोडी, म्हणजे रानीखेत, आली की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. देवीची लसही पशुवैद्यकांच्या सल्ल्याने टोचावी.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार? मग कोणीच आणत नाही. सभासद बंधूंनो, एकट्याचा ऊस गाळायला कोणी कारखाना काढत नाही, म्हणून आपण एकत्र आलो. कोंबडीलाही तोच न्याय लावावा. वस्तीवरच्या दहा घरांनी एकाच आठवड्यात खुडूक कोंबड्या बसवाव्यात. पिल्ले एकाच वेळी निघतील, आणि एका बाटलीत दहा घरांची पिल्ले टोचून होतील. आमच्या वस्तीवर आता असेच चालते.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या कालव्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, हे विसरू नये.

सुधारित पिल्लांसाठी पशुसंवर्धन खात्याच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडे चौकशी करावी. आपल्याला जवळचे छत्रपती संभाजीनगरचे. गेवराई तालुक्यातील खामगाव आणि अंबाजोगाई येथील कृषी विज्ञान केंद्रांतही माहिती मिळते.

येत्या दिवाळीनंतर एका कोंबडीपासून सुरुवात करावी. अंडी किती बसवली, निघाली किती, आणि एकविसाव्या दिवशी राहिली किती, हे तीन आकडे भिंतीवर कोळशाने लिहावेत. तिसरा आकडा खरा. दिवाळीनंतरच्या तलंगा मृगाच्या तोंडावर अंड्यावर येतात. नेमकी त्याच वेळी बियाण्याला आणि शाळेच्या वह्यांना पैशाची ओढ असते. आमच्या भिंतीवर त्या जानेवारीचा आकडा अजून आहे. घर सारवताना म्हातारी तेवढी जागा सोडून सारवते.